कोरियन की युक्रेनियन? एक रक्ताची, एक वळणाची

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी विचारते: "एक परदेशी भाषा मनापासून शिकायची आहे. मालिका बघून कोरियनची ओढ लागली. मावसभाऊ विन्नित्साला मेडिकलला होता, त्याच्यामुळे युक्रेनियन कानावर पडली, तीही आवडते. एका तक्त्यात वाचलं की कोरियन ही युक्रेनियनच्या दुप्पट अवघड आहे. खरं आहे का? या दोन भाषांची तुलना करायची तर कशी? आणि दोन्ही एकदम शिकता येतील का?"

अगं, तू विचारलंस ते बरं झालं, कारण या दोन्ही भाषांवर मी गेली बावीस वर्षं पोट भरते आहे. पुण्यात रशियन शिकले, मग चार वर्षं तुझ्या भावाच्याच विन्नित्सा गावात भारतीय विद्यार्थ्यांच्या कामासाठी राहिले आणि तिथं युक्रेनियन शिकले. परत आल्यावर कोरियन शिकले. आता तेरा वर्षं रांजणगाव ते तळेगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये कोरियन दुभाषी म्हणून उभी असते. त्यामुळे जे सांगते ते वापरून पाहिलेलं आहे.

आधी त्या तक्त्याचं. तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा आहे. त्यांच्या हिशोबानं युक्रेनियनला सुमारे ११०० तास लागतात आणि कोरियनला २२००. आकडे त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण ते इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसासाठी काढलेले आहेत. वॉशिंग्टनहून मोजलेलं अंतर साताऱ्याहून तेवढंच कसं भरेल? मराठीच्या उंबऱ्यावर उभं राहून पाहिलं की चित्र पार बदलतं.

माझ्या अनुभवात ते असं दिसतं: युक्रेनियन ही आपली रक्ताची नातलग आहे. लांबची, हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेल्या घराण्यातली, पण नातलग. कोरियनशी आपलं रक्ताचं काहीही नातं नाही. पण तिच्या घरात शिरलीस की चूल, देव्हारा, पाण्याचा माठ सगळं आपल्याच घरासारखं मांडलेलं सापडतं. भाषा शिकताना रक्तापेक्षा मांडणी जास्त कामाला येते, असं माझं मत बनत गेलं आहे. का, ते सांगते.

आधी नातं बघू. विन्नित्साला मी ज्या बाईंकडे खोली घेऊन राहत होते, त्यांच्या घरी एकदा पाहुणे आले. ओळख करून देताना त्या म्हणाल्या, "हा माझा दीवेर." मी थबकले. दीवेर म्हणजे नवऱ्याचा भाऊ. आपला दीर, संस्कृतातला देवर. सासरा तिकडे स्वेकोर, संस्कृतात श्वशुर. विधवा म्हणजे व्दोवा. दोन, तीन, चार म्हणजे द्वा, त्री, चोतीरी. दार म्हणजे द्वेरी, मध म्हणजे मेद, आग म्हणजे वोहोन, म्हणजे आपला अग्नी. आपलं "तू" आणि त्यांचं "ती" एकाच मुळातून आलं आहे. पिणे म्हणजे पीती, देणे म्हणजे दाती. हे योगायोग नाहीत. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत आणि हे शब्द त्या कुळाचं वडिलोपार्जित धन आहेत.

नातं फक्त शब्दांत नाही. मराठीत तीन लिंगं आहेत आणि हिंदीत दोन, हे आपल्याला शाळेत कंटाळवाणं वाटायचं. युक्रेनियनमध्ये त्याचं सोनं होतं. नवा वाडा, नवी खोली, नवं घर असं आपण विचार न करता म्हणतो. त्यांचं: नोवीय दीम, नोवा खाता, नोवे वीक्नो. नवं घर, नवी झोपडी, नवी खिडकी असे अर्थ; लिंग शब्दागणिक वेगळं पडतं, पण पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग ही तीन दालनं तीच, आणि "नवा" व "नोवीय" हा शब्दही मुळात एकच. दूध आपल्याकडे नपुंसकलिंगी, त्यांचं मोलोकोही नपुंसकलिंगी. भूतकाळात क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं: तो गेला, ती गेली, ते गेलं. त्यांचं: वीन पीशोव, वोना पीश्ला, वोनो पीश्लो. त्या "ला"चा आणि आपल्या "ली"चा उगम एकच आहे असं मी म्हणणार नाही, व्याकरणाचे अभ्यासक ते वेगवेगळ्या वाटांनी आल्याचं दाखवतात. पण "माणूस बाई असेल तर क्रियापद बदलायचं" ही सवय तुझ्या जिभेत आधीच आहे. इंग्रजी मुलांना हे शिकवताना शिक्षकांचे महिने जातात.

आणि संबोधन! आपल्याकडे देव हाकेत "देवा" होतो, मुलगा "मुला" होतो, मुलं "मुलांनो" होतात. युक्रेनियनमध्ये सात विभक्त्या आहेत आणि सातवी हीच, हाक मारायची. बोह म्हणजे देव, हाकेत "बोझे!" द्रुह म्हणजे मित्र, हाकेत "द्रुझे!" मामा म्हणजे आई, हाकेत "मामो!" रशियननं ही विभक्ती जवळजवळ टाकून दिली, युक्रेनियननं जपली. विन्नित्साच्या बाजारात दूध-चीज विकणारी एक म्हातारी मला दर शनिवारी "दितिनो!" म्हणायची. दितिना म्हणजे मूल. "दितिनो" म्हणजे आपलं "बाळा". थंडी उणे पंधरा, हात खिशातून काढवत नाहीत, आणि कुणीतरी आपल्याला परक्या गावात बाळा म्हणतं. त्या एका विभक्तीनं मला त्या भाषेत बसवलं, असं मी आजही मानते.

उच्चारातही मराठी माणसाचं पारडं जड आहे. आपल्याकडे दोन च आहेत: चाकातला आणि चिंचेतला. दोन ज आहेत: जावयातला आणि जिवातला. हिंदी भाषकाला हा भेद करताना अडखळायला होतं. युक्रेनियनला हे चारही लागतात. साखर म्हणजे त्सुकोर, त्याचा पहिला आवाज बरोब्बर चाकातला च. घंटा म्हणजे द्झ्वीन, तिथे जावयातला ज. शिवाय त्यांचा ह आपल्यासारखाच घोष, कंठातून गुंजणारा. ज्या अक्षराचा रशियनमध्ये ग होतो त्याच अक्षराचा युक्रेनियनमध्ये ह होतो: डोकं रशियनमध्ये गलावा, युक्रेनियनमध्ये होलोवा. खऱ्या ग साठी त्यांच्याकडे वेगळं, छोटी शेंडी असलेलं अक्षर आहे. ते अक्षर १९३३ साली सोव्हिएत सरकारनं वर्णमालेतून काढून टाकलं आणि १९९० साली ते परत आलं. एका अक्षरानंही किती सोसलं आहे बघ.

आता "युक्रेनियन म्हणजे रशियनचीच बोली ना?" हा प्रश्न तुला लोक विचारतील, म्हणून इथेच सांगून ठेवते. नाही. शब्दसंग्रहात ती बेलारुशियन आणि पोलिशच्या जास्त जवळ आहे. आभारासाठी रशियन म्हणतात स्पासीबा, युक्रेनियन म्हणतात द्याकुयु. लिपी जवळपास तीच म्हणून भाषा तीच, असं होत नाही; नाहीतर देवनागरीमुळे मराठी आणि नेपाळी एक ठरल्या असत्या. १८६३ साली झारच्या गृहमंत्र्यानं, वालुयेवनं, परिपत्रक काढलं की अशी वेगळी भाषा नव्हती, नाही आणि असू शकत नाही. १८७६ साली एम्सच्या फर्मानानं युक्रेनियन पुस्तकं छापायला आणि बाहेरून आणायला बंदी घातली. जी भाषा "नाही" तिच्यावर बंदी घालावी लागली. मराठी माणसानं या गोष्टीकडे जरा नम्रपणे बघावं, कारण कोकणीला आपल्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं मराठीची बोली म्हटलं. साहित्य अकादमीनं १९७५ साली तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली तेव्हाही आपल्याकडे सगळ्यांनी ते आनंदानं स्वीकारलं नाही.

मग युक्रेनियन अवघड कुठे जाते? विभक्तीत. आपली विभक्ती आठव: पाऊस, पावसात. कापूस, कापसाला. आधी शब्द मोडतो (याला आपण सामान्यरूप म्हणतो), मग त्याला "त" किंवा "ला" चिकटतं. युक्रेनियनमध्येही शब्द तसाच मोडतो. वाळू म्हणजे पीसोक. "वाळूत" म्हणजे उ पीस्कु. कापूसमधला ऊ जसा कापसात उडतो, तसाच तिथला ओ उडाला. टेबल म्हणजे स्तील, टेबलावर म्हणजे ना स्तोली. पण तिथे आपल्यासारखा सगळ्यांना चालणारा एक "ला" आणि एक "त" नाही. प्रत्येक लिंगाचं, प्रत्येक वचनाचं शेपूट वेगळं, आणि विशेषणालाही नामाच्या मागे त्याच विभक्तीत चालवावं लागतं. वर संख्यांचा नियम: एक वर्ष रीक, दोन ते चार वर्षं रोकी, पाच ते वीस वर्षं रोकीव. शिवाय आघात लिहून दाखवत नाहीत. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर "झामोक" म्हणजे किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप. पहिले सहा-आठ महिने हे तक्ते डोकं खातात. नंतर मात्र वाट मोकळी होते, कारण नवीन शब्द पुष्कळदा ओळखीचे निघतात.

आता कोरियन. इथे, इंग्रजीतून आलेले शब्द सोडले तर, ओळखीचा शब्द जवळजवळ भेटणार नाही. (आई-वडिलांना ते ऑम्मा-आप्पा म्हणतात म्हणून तमिळशी नातं जोडणारे पुष्कळ भेटतील. तेवढ्यावरून कूळ ठरत नाही. लहान मुलांचे पहिले शब्द जगभर असेच असतात.) एक अपवाद मात्र मला फार आवडतो. कोरियनमध्ये ब्रेडला प्पाङ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून जपानमार्गे तिकडे गेला. त्याच पोर्तुगीजांकडून तो आपल्याकडे आला आणि पाव झाला. वडापावातला पाव आणि सोलच्या बेकरीतला प्पाङ हे सख्खे भाऊ आहेत.

शब्द परके, पण वाक्य? रांजणगावच्या एका कारखान्यातला माझा पहिला महिना. एक कोरियन इंजिनियर मशीनपाशी उभे राहून ऑपरेटरला म्हणाले, "हे ब्वायो." मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर आपसूक निघालं, "करून बघा." आणि लक्षात आलं की मी भाषांतर केलंच नाही, शब्दाला शब्द ठेवला. "हे" म्हणजे करून, "ब्वायो" म्हणजे बघा. खाऊन बघ म्हणजे मॉगॉ ब्वा. लिहून दे म्हणजे स्सॉ ज्वॉ, त्यातलं "ज्वॉ" म्हणजे दे. लिहून ठेव म्हणजे स्सॉ न्वा, त्यातलं "न्वा" म्हणजे ठेव. सांगून टाक म्हणजे माल्हे बॉर्यॉ, आणि "बॉरिदा" या धातूचा मूळ अर्थ फेकून देणं, टाकणं. करून बघणे, करून देणे, करून ठेवणे, करून टाकणे यांतला जो बारीक फरक आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो, तो इंग्रजीत एका शब्दात सांगताच येत नाही. इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्याला यासाठी चार धडे लागतात. तुला एक ओळ पुरेल.

क्रियापद शेवटी, हे तर आहेच. "मी शाळेत जाते" हा क्रम कोरियनमध्ये जसाच्या तसा: नानन हाक्क्योए कायो. हाक्क्यो म्हणजे शाळा, "ए" हा प्रत्यय. शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे लागतात, पुढे नाही. आणि नाम मोडत नाही, हाक्क्यो कायम हाक्क्योच राहतं. पावसात या आपल्या शब्दाकडे या नजरेनं बघ: पाऊस मोडून पावस झाला ती युक्रेनियनची रीत, मागून "त" चिकटला ती कोरियनची रीत. दोन्ही सवयी मराठीच्या एकाच शब्दात नांदतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की तुम्हाला दोन्हीकडे अर्धी वाट घरातच चालून झालेली आहे.

पाऊस निघालाच आहे तर: कोरियनमध्ये पाऊस येतो, "पिगा वायो". युक्रेनियनमध्ये पाऊस चालतो, "इदे दोश्च".

संधीची गंमतही ऐक. वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय, जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ, हे आपण दहावीला पाठ केलं. कोरियन माणूस हे बोलताना दर वाक्याला करतो. रस्सा म्हणजे लिहायला कुक-मुल, बोलायला कुङ्मुल. क पुढे म आला की ङ. धन्यवादाचा शब्द लिहायला हाप्निदा असा संपतो, बोलायला हाम्निदा. पुढे अनुनासिक आलं की प चा म. नियम तंतोतंत आपलाच. माझ्या वर्गात संस्कृत घेतलेल्या मुलींना हे एका तासात समजतं.

लिपी तर शिकणाऱ्याला प्रसाद आहे. राजा सेजोंगनं हांगुल १४४३ साली तयार केली आणि १४४६ साली जाहीर केली. तोवर लिहायचं ते चिनी चित्राक्षरांत, म्हणजे शिकलेल्या मूठभरांपुरतं. सेजोंगच्या अक्षरांचे आकार तोंडातून घेतले आहेत: क चं अक्षर म्हणजे घसा अडवणारी जिभेची मागची बाजू, न चं अक्षर म्हणजे वरच्या दातांमागे टेकलेलं जिभेचं टोक, म चा चौकोन म्हणजे मिटलेलं तोंड. मूळ ग्रंथात व्यंजनं उच्चारस्थानानुसार लावली आहेत, क-वर्गासारखी, त-वर्गासारखी, प-वर्गासारखी. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य म्हणत वाढलेल्या मुलीला हे समजावावं लागत नाही. चोवीस मूळ अक्षरं, ती एकावर एक रचून चौकोनी अक्षर बनवायचं, आपल्या जोडाक्षरांसारखं. तीन दिवसांत वाचायला लागशील. युक्रेनियनची तेहतीस अक्षरंही आठवड्यात येतात, पण पाहताक्षणी प्रेमात पडावं अशी लिपी हांगुलच.

ही लिपी आणि ही भाषाही सहज वाचलेली नाही. जपानी राजवटीत १९३८ नंतर शाळांतून कोरियन हटवली गेली. १९४२ साली शब्दकोश तयार करणाऱ्या कोरियन भाषा संस्थेच्या लोकांना धरलं, दोघे तुरुंगात वारले, आणि हजारो पानांचं हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं. ते १९४५ च्या सप्टेंबरमध्ये सोल स्टेशनच्या गोदामात सापडलं. त्यावरून पुढे शब्दकोश छापला गेला. तुला या दोन भाषांत खरं साम्य कुठलं असं विचारशील तर व्याकरणात नाही, इथे आहे: "तुमची भाषा नको" असं दोघींनाही शेजारच्या मोठ्या सत्तेनं सांगितलं होतं.

आणखी एक धागा आहे, जो बहुतेकांना माहीत नसतो. १९३७ साली स्टॅलिननं सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेतल्या दीड लाखाहून जास्त कोरियन लोकांना आगगाड्यांत भरून कझाकस्तान-उझबेकिस्तानात नेऊन टाकलं. त्यांच्यातले काही पुढे शेतीच्या निमित्तानं दक्षिण युक्रेनमध्ये, खेरसोन-मिकोलायिवकडे स्थिरावले. २०२२ साली मिकोलायिव प्रांताचे प्रमुख असलेले विताली कीम हे याच वंशाचे. विन्नित्साच्या बाजारात "कोरियन गाजर" नावाची लसूण-मिरचीची तिखट कोशिंबीर वजनावर मिळायची. सोलमध्ये ती कुणाला ठाऊक नव्हती. कोबीच्या किमचीची सवय असलेल्या लोकांनी मिळेल त्या गाजरावर ती भागवली होती.

कोरियन अवघड कुठे जाते ते आता. पहिलं, तीन प्रकारचे आवाज. ताल म्हणजे चंद्र, थाल म्हणजे मुखवटा, त्ताल म्हणजे मुलगी. आपल्याला त आणि थ चा भेद येतो, म्हणून मधला सोपा. पण पहिला आपल्या त पेक्षा सैल, किंचित श्वास सोडलेला, आणि तिसरा घसा आवळून काढलेला. शिवाय तोच सैल आवाज दोन स्वरांमध्ये आला की घोष होतो: मांस म्हणजे कोगी, पहिला क आणि दुसरा ग, पण लिहायला अक्षर एकच. यात आपले मराठी लोक दोन वर्षांनंतरही चुकतात. मीही चुकले आहे.

दुसरं, संख्या. दोन संच आहेत, एक देशी आणि एक चिनी मुळाचा. घड्याळाचे तास देशी संचात आणि मिनिटं चिनी संचात: साडेतीन म्हणजे से शी साम्शिप बुन. त्यावर मोजणी दहा हजारांच्या टप्प्यानं चालते. मान म्हणजे दहा हजार, ऑक म्हणजे दहा कोटी. लाखाला शब्द नाही, सिम्मान म्हणजे दहा वेळा दहा हजार. मीटिंगमध्ये इकडून "साडेतीन कोटी" आणि तिकडून "इतके ऑक" सुरू झालं की दुभाष्याच्या कपाळावर घाम येतो. मी अजूनही वहीत शून्यं मांडून मगच बोलते. चूक झाली तर ती दहापटीची होते.

तिसरं, आणि सगळ्यात खोल: आदर. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. कोरियनमध्ये आदर सर्वनामात कमी आणि क्रियापदात जास्त आहे. कायो म्हणजे जाते, मोठ्यांबद्दल कासेयो. बरोबरीच्या मैत्रिणीला "जेवलीस का" म्हणजे पाप मॉगॉस्सॉ; आजोबांना विचारताना भाताचा शब्दही बदलतो, खाण्याचा धातूही बदलतो: चिन्जी चाप्सुश्यॉस्सॉयो. आणि "तुम्ही" हा शब्द शक्यतो वापरायचाच नाही. माझ्या पहिल्या वर्षी साठीच्या एका पाहुण्यांना मी पुस्तकातला "तांगशिन" वापरून काही विचारलं. ते बोलायचे थांबले. नंतर एका कोरियन सहकारी बाईंनी मला बाजूला नेऊन सांगितलं की हा शब्द नवरा-बायको एकमेकांना म्हणतात किंवा लोक भांडणात म्हणतात. साहेबांना त्यांच्या हुद्द्यानं "पुजाङ्निम", म्हणजे विभागप्रमुख साहेब, असं म्हणायचं. त्या दिवसापासून कुठल्याही नव्या माणसाला भेटायच्या आधी मी त्यांचा हुद्दा विचारून घेते.

पण इथेही मराठी घर कामाला येतं. इंग्रजीत एकच अंकल. कोरियनमध्ये मामा वेगळा, वडिलांचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. मावशी म्हणजे इमो, आत्या म्हणजे कोमो. खाणावळीत वाढणाऱ्या बाईंना कोरियन लोक "इमो!" अशी हाक मारतात, जशी आपण "मावशी!" मारतो. आणि "माझी आई" म्हणण्याऐवजी ते "उरी ऑम्मा" म्हणतात, म्हणजे आमची आई. नवऱ्यालाही "उरी नाम्प्यॉन". "आमचे हे" म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला यात परकं काय आहे?

तिन्ही भाषा जिथे एकत्र येतात अशी एक जागा दाखवते. "माझ्याकडे पुस्तक आहे." युक्रेनियन: उ मेने ये क्निहा, माझ्यापाशी आहे पुस्तक. कोरियन: नाहान्ते छेगी इस्सॉयो, माझ्याकडे पुस्तक आहे. इंग्रजीसारखं "मी पुस्तक धारण करते" असं म्हणायची गरज नाही. तसंच "मला थंडी वाजते", "मला आवडतं" हे युक्रेनियनमध्ये "मेनी खोलोद्नो", "मेनी पोदोबायेत्स्या". मेनी म्हणजे मला. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: यातली कुठलीही भाषा इंग्रजीतून समजून घेऊ नकोस. पुस्तकं इंग्रजीत असतील, असू देत. पण वहीत नियम लिहिताना शेजारी मराठी वाक्य लिही. नाहीतर साताऱ्याहून कोल्हापूरला जायला तू लंडनला वळसा घालशील.

आता तुझा निर्णय. पुण्याच्या आसपास काम हवं असेल तर कोरियन घे. मागणी खरी आहे, पण मालिकांवर शिकलेली कोरियन कारखान्यात पुरत नाही. तिथली परीक्षा टोपिक, तिच्या सहा पातळ्या. चौथ्या पातळीच्या खाली मी स्वतः कुणाला दुभाषी म्हणून उभं करत नाही. रोज दोन तास दिलेस तर तीन वर्षं धर. युक्रेनियनला इथे काम जवळजवळ नाही, हे स्पष्ट सांगते. ती घ्यायची तर ओढीनं घे, आणि मग पुढे पोलिश किंवा रशियनचं दार निम्मं उघडलेलं असेल. जे भारतीय विद्यार्थी २०२२ साली ऑपरेशन गंगातून परतले, त्यांच्यातल्या कित्येकांचं मन अजून त्या गावांत आहे. तुझ्या भावाला विचार, तो तुझ्याशी रोज पाच मिनिटं बोलायला तयार होईल.

दोन्ही एकदम मात्र नको. मी स्वतः सहा महिने तसं करून पाहिलं. शब्दांची गल्लत झाली नाही, पण वाक्याच्या शेवटी क्रियापद की आधी, हे डोक्यात अडखळायला लागलं आणि दोन्हींतलं बोलणं मंदावलं. एक भाषा मधल्या पातळीला पोहोचली की दुसरी सुरू कर.

कोरियन घेतलीस तर पहिल्या महिन्याअखेरीस ताल, थाल, त्ताल हे तीन शब्द प्रत्येकी दहा वेळा, क्रम उलटासुलटा करून मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि चार दिवसांनी स्वतःच ऐक. कुठला कुठला होता ते तुलाच ओळखता आलं तर पुढच्या धड्याला हात लाव.